नकाशावर नसलेल्या कसब्याची पार्श्वभूमी

पुण्यातल्या आमच्या नाट्यगटाला नव्या नाटकासाठी एक गाव हवं आहे. पुणे जिल्ह्यातलं, कऱ्हेकाठचं, पण प्रत्यक्षात कुठेच नसलेलं. त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या खर्ड्यात कुणीतरी किल्ला, भुयार आणि एक शापित विहीर आधीच घालून ठेवली होती. ती तिन्ही मी काढली. काल्पनिक गाव म्हटलं की आपण थेट राजापासून सुरुवात करतो. या भागातली लहान गावं मात्र मोठी झाली ती बाजारामुळे, आणि खचली तीही बऱ्याचदा बाजारामुळेच.

आमचं गाव कसबा आहे, मौजा नाही. मौजा म्हणजे शेतीचं साधं खेडं. कसबा म्हणजे परगण्याचं, अनेक गावांच्या महसुली विभागाचं, मुख्य ठिकाण. तिथे कचेरी, बाजार आणि कारागिरांच्या आळ्या आल्याच. खुद्द पुणंही बाजीराव येईपर्यंत असंच एक कसबे गाव होतं. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या भागाचा उल्लेख ‘पुण्य’, ‘पूनक’ असा येतो. पुढे १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, अशी परंपरा आहे. तीच जमीन जिजाबाई आणि दादोजी कोंडदेवांच्या काळात पुन्हा वसली. उजाड होणं आणि वसणं हा या मुलखातल्या गावांचा नेहमीचाच क्रम होता, म्हणून नाटकातल्या गावालाही मी एकदा उजाड केलं आहे.

उजाड गाव पुन्हा वसवायचं तर कौल द्यावा लागे. येणाऱ्या कुळाला, व्यापाऱ्याला काही वर्षं सारा, म्हणजे सरकारी कर, माफ किंवा कमी, मग दरवर्षी थोडा थोडा चढता. त्याला इस्तावा म्हणत. पेठ वसवण्याची जबाबदारी शेटे आणि महाजनांवर असे. माणसं बोलावून आणायची, जागा वाटून द्यायच्या, आणि त्या बदल्यात वतन नि मानपान घ्यायचा. आमच्या नाटकातलं मुख्य घर पाटलाचं नाही, शेट्याचं आहे, ते यामुळेच. (पाटील मराठी रंगभूमीवर पुरेसे झाले.) पेठेचं नाव वारावरून ठेवलं, पण तिला एक जुनं विसरलेलं नावही दिलं. पुण्यातली शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद होती आणि रविवार पेठ मलकापूर, हे आज तिथे राहणाऱ्यांपैकीही किती जणांना ठाऊक असेल?

दुसऱ्या अंकाची तारीख मात्र खरी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारपेठेत आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जाची खतं, म्हणजे रोखे. ती मिळाली की तिथेच जाळली. त्यामागे बरीच वर्षं साचलेलं होतं. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला होता. मुदत संपल्यावर नव्या आकारणीत तो बराच वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर उतरला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरला जाई. कायदा कुळाच्या बाजूचा वाटतो खरा, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेत. अक्षरओळख नसलेला माणूस अंगठा देई आणि पुढे आपलं नेमकं देणं किती, हे त्याला कळतही नसे. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि कोर्टांना रोख्याच्या मागचा व्यवहार उकरून पाहता येऊ लागला. नाटकातला शेट्या तोवर सावकार झालेला असतो, आणि त्याची एक वही जळत नाही. ती वही माझी कल्पना.

रेल्वेचं प्रकरण आम्ही दोन संवादांत उरकलं. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि पुढे जाळं वाढलं, तशी रुळांपासून दूर राहिलेली पेठ मागे पडत गेली. मिरजेच्या मार्गावर ‘सासवड रोड’ नावाचं स्टेशन आहे. ते फुरसुंगीजवळ आहे, आणि सासवड दिवे घाटाच्या पलीकडे! आमच्या गावालाही असंच एक ‘रोड’ स्टेशन दिलं आहे. तिथे उतरलेल्या पाहुण्याला उरलेली वाट बैलगाडीनं कापावी लागते.

गावात पुन्हा हालचाल झाली ती एसटीमुळे. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आमच्या कसब्यात ती काही वर्षांनी पोचते, आणि वेशीत वळत नाही म्हणून स्टँड गावाबाहेर ओढ्यापलीकडे होतो. चहाचं दुकान, सायकलवाला, खतांचं गोदाम सगळं हळूहळू तिकडे सरकतं. शेट्याच्या वाड्यासमोर बाजाराच्या दिवशी फक्त दोन बागवान बसतात, आणि पडदा तिथेच पडतो.

गावाचं नाव अजून ठरायचं आहे. दिग्दर्शकाला नावाच्या शेवटी ‘वाडी’ हवी आहे. कसब्याला वाडी म्हणणार कसं, यावर गेले दोन रविवार तालीम अडली आहे.