कागदी थरांचे पुष्प-भेटकार्ड

पाकळ्या, पाने आणि देठ कागदातून सुटे कापून, त्यांना हाताने बाक देऊन व एकावर एक रचून बनवलेले शुभेच्छापत्र. छापलेल्या किंवा रंगवलेल्या कार्डावरचे फूल सपाट असते. इथे ते पायाच्या कागदापासून काही मिलिमीटर वर उचललेले असते, त्यामुळे त्याची सावली खालच्या थरावर पडते. या कलेचा सारा भर त्या सावलीवर आहे. पांढऱ्या कार्डावर पांढऱ्याच कागदाचे फूल लावले, तरी पाकळी न् पाकळी वेगळी दिसते, ती केवळ सावलीमुळे. पाच-सहा थर एकमेकांना घट्ट चिकटवले तर नुसती जाडी वाढते. उठावाचा परिणाम मधे पोकळी ठेवलेल्या दोनच थरांतून अधिक चांगला साधतो.

कागद कापून फुले घडवण्याचा एक थोर नमुना मेरी डिलेनी (१७००–१७८८) या इंग्लिश स्त्रीने घालून दिला. १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून वनस्पतींची चित्रे करायला सुरुवात केली. दृष्टी साथ देईना तेव्हाच, दहा वर्षांनी, ती थांबली. तोवर जवळजवळ एक हजार चित्रे पूर्ण झाली होती. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती भेटकार्डे नव्हेत आणि त्यांतला उठावही अगदी सूक्ष्म आहे. पण एका पाकळीतल्या छटा कुंचल्याऐवजी कागदाच्या थरांनी दाखवण्याची रीत त्यांत पूर्णत्वाला गेलेली दिसते. भेटकार्डातले थर प्रत्यक्ष वर उचलले गेले ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे एस्थर हाउलंड (१८२८–१९०४) हिने १८४० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅलेंटाइन कार्डांचा व्यवसाय घरातूनच उभा केला. जाळीदार नक्षीच्या कागदाखाली रंगीत कागद घालणे आणि घडीदार कागदी पट्ट्यांवर वरचा थर तोलणे, ही तिच्या कार्डांची ओळख. फोम टेपने, म्हणजे दोन्ही बाजूंना चिकट असलेल्या मऊ, जाड पट्टीने, आज जे काम होते, तेच या पट्ट्या करत.

पायासाठी २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन असलेला कागद लागतो. पाकळ्यांना १०० ते १२० जीएसएम पुरतो. त्याहून जाड कागद वळवताना मोडतो, फार पातळ असला तर दिलेला बाक टिकत नाही. कागद घेताना तंतूंची दिशा पाहावी. कागद हलकेच वाकवून पाहिला की एका बाजूने तो सहज झुकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सहज झुकतो त्या दिशेने घडी घातली तर कड फाटत नाही. पाकळीचे टोक मागे वळवायचे असेल, तर तंतू पाकळीच्या रुंदीच्या दिशेने येतील असे कापावे. पायाची घडीसुद्धा थेट घालू नये. पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी खाच दाबून घ्यावी. दुमडताना ती खाच बाहेरच्या बाजूला ठेवावी. पुष्कळ जण ती आत ठेवतात आणि मग घडीवर कागद चिरतो.

फुलाला जीव येतो तो घोटण्याने. कापलेली पाकळी मऊ फोमवर ठेवून गोल टोकाच्या हत्याराने मध्यापासून गोलाकार घोटली की तंतू ताणले जातात आणि पाकळी वाटीसारखी खोल होते. तीच उलटी करून कडेजवळ घोटली तर कड बाहेर झुकते. वाटी आणि झुकलेली कड या दोन्हींच्या मेळातून फुलाची ठेवण ठरते. कळीच्या पाकळ्या आत मिटलेल्या हव्यात, पूर्ण उमललेल्या फुलाच्या बाहेर सांडणाऱ्या. एकाच कार्डावर दोन्ही अवस्था असल्या तर रचना फार खुलते.

पाच पाकळ्यांच्या फुलासाठी एकच आकार तीन मापांत कापतात. पाकळ्यांमध्ये ७२ अंशांचे अंतर असते, म्हणून वरचा थर ३६ अंशांनी फिरवून लावावा. वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर येते. खऱ्या फुलातही लगतच्या मंडलांची, म्हणजे अवयवांच्या एकाबाहेर एक असलेल्या वर्तुळांची, मांडणी बहुधा अशीच एकाआड एक असते, त्यामुळे डोळ्याला ती पटते. पुंकेसरांसाठी कागदाच्या अरुंद पट्टीला दाट चिरा देऊन ती गुंडाळतात आणि वरची झालर बोटाने पसरतात. गुलाबाची तऱ्हा निराळी आहे. गोल चकती बाहेरून आत नागमोडी कडेने सर्पिल कापायची, बाहेरच्या टोकापासून घट्ट गुंडाळायला घ्यायची आणि मध्याशी उरलेल्या छोट्या गोलावर डिंक लावून गुंडाळी बसवायची. हात सोडल्यावर ती थोडी सैल होते. तेवढी होऊ द्यावी, उमलणे तिथेच घडते.

जुळवणी खालून वर करतात: आधी देठ, मग पाने, शेवटी फुले. पांढरा डिंक टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच पुरेसा होतो, जास्त लागला तर त्यातल्या पाण्याने कागद फुगतो. पाकळीला फक्त मध्याशी चिकटवावे. कडा मोकळ्या राहिल्या तरच खाली सावली शिरते. मुख्य फूल कार्डाच्या अगदी मध्यावर न ठेवता जरा बाजूला घ्यावे आणि एक कोपरा निखालस रिकामा सोडावा. नवशिक्याला तो भरून टाकावासा वाटतो, पण उठाव जाणवतो तो सपाट जागेच्या शेजारीच.

उंचीला मर्यादा घालतो तो लिफाफा. ए६ मापाचे कार्ड (१०५ × १४८ मिमी) सी६ लिफाफ्यात (११४ × १६२ मिमी) बसते, मात्र जाड कार्डाला थोडा मोठा लिफाफा बरा. ब्रिटनच्या टपालात साध्या पत्राची जाडी ५ मिलिमीटरपर्यंतच चालते. ३०० जीएसएमचा कागद सुमारे ०.४ मिमी, घडी घातल्यावर ०.८. त्यावर २ मिमीच्या फोमचे दोन थर आले की ४.८ मिमी होतात आणि पाकळ्या मोजायच्या अजून बाकीच असतात. म्हणून टपालाने जाणाऱ्या कार्डात १ मिमीचा फोम वापरतात. त्याहून उंच फुलांचे कार्ड उथळ खोक्यात घालून द्यावे लागते, कारण लिफाफ्यात दाबली गेलेली घोटीव पाकळी पुन्हा पूर्वीसारखी उभी राहत नाही.