किंझुआचा पूल: वाऱ्याने लिहिलेला पुरावा

चक्रीवादळ दरीतून गेलं, तेव्हा किंझुआचा रेल्वेपूल पेलणारे तीन मनोरे आधी उचलले गेले, थोडे वायव्येला सरकले आणि पुन्हा उभेच्या उभे टेकले. काही क्षण ते फक्त वरच्या रुळांच्या आधारावर उभे होते. मग कोसळले.

हा पूल अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आहे. १८८२ साली घडीव लोखंडाचा पहिला पूल अवघ्या ९४ दिवसांत उभा राहिला. उंची सुमारे ९२ मीटर. त्या काळी जगातला सर्वांत उंच रेल्वेपूल. पुढे गाड्या जड झाल्या, म्हणून १९०० मध्ये तो काढून त्याच जागी पोलादी पूल बांधला. दगडी पाये मात्र जुनेच ठेवले. त्यांत रुतवलेले बोल्टही जुनेच, फक्त कॉलर (जोड देणारी नळीसारखी कडी) बसवून लांबवलेले. ही काटकसर शंभर वर्षांनी भोवली.

पुलाने भार पेलला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण उंच, अरुंद पुलाला वाराही सोसावा लागतो. एखादं उंच स्टूल वरच्या कडेला ढकलून पाहा: पलीकडचे पाय जमिनीत रुततात, आपल्याकडचे उचलतात. मनोऱ्याचंही तसंच. एरवी पुलाचं वजनच त्याला जागेवर ठेवतं. वजन अपुरं पडेल तेव्हा बोल्टांची पाळी येते. वर्षानुवर्षं स्वस्थ बसून एका दिवशी उपयोगी पडायचं, असं त्यांचं काम. अशा वस्तूकडे कोण बघतं! त्यातून कॉलरच्या आत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही, रंगाचा ब्रशही तिथवर पोचत नाही. गाडी जाताना पूल थरथरायचा, इतका की वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर ठेवावी लागली होती.

१९५९ मध्ये मालगाड्या थांबल्या. पूल भंगारात विकलाही गेला, पण घेणाऱ्याला तो मोडवेना. १९६३ मध्ये राज्य सरकारने तो विकत घेतला. १९८७ पासून वरून पर्यटकांची गाडी धावायची. २००२ च्या तपासणीत गंज दिसल्यावर ती बंद झाली. दुरुस्ती सुरू असतानाच, २१ जुलै २००३ ला चक्रीवादळाचा भोवरा दरीतून गेला. तसा तो सौम्य वर्गातलाच. तरी वीसपैकी अकरा मनोरे अर्ध्या मिनिटात आडवे झाले. चौकशीत दोष निघाला तो गंजलेल्या कॉलरांचा.

पूल पुन्हा बांधला नाही, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं झालं. उभ्या राहिलेल्या नऊपैकी सहा मनोऱ्यांवरून २०११ मध्ये पायवाट खुली झाली. सुमारे १९० मीटर चालत गेलं की टोकाला पायाखाली काच येते, आणि खाली पडलेलं पोलाद दिसतं, जसं पडलं तसंच. दहावा आणि अकरावा मनोरा आधी पश्चिमेकडे गेला. चौथ्यापासून नवव्यापर्यंतचे सहाही पश्चिमेलाच पडले, पण पडताना पीळ घेत. भोवरा उत्तरेकडे सरकला तसा वारा दक्षिणेकडून आत ओढला गेला, आणि ते टेकलेले तीन, बारा ते चौदा, उत्तरेकडे झोपले.