लहान नौकेपर्यंत रेडिओ उशिरा का पोहोचला

लहान नौकेसाठी सागरी रेडिओ निवडताना बहुतेक चर्चा संचाचे वॅट, पडद्याचा आकार आणि किंमत यांभोवतीच फिरते. अँटेना किती उंचावर लावायचा, केबल कोणती घ्यायची, संकटकाळचे लाल बटण दाबल्यावर नेमकी कोणती माहिती बाहेर जाते, हे प्रश्न मागे पडतात. रेडिओ समुद्रावर कसा आला आणि मोठ्या जहाजांवरून लहान नौकांपर्यंत उतरायला त्याला सुमारे साठ वर्षे का लागली, हे पाहिले म्हणजे खरेदीच्या वेळी हेच प्रश्न आधी का विचारायला हवेत, ते ध्यानात येते.

सागरी रेडिओचा पहिला ठळक उपयोग झाला तो नांगरून ठेवलेल्या एका दीपनौकेवर, म्हणजे दीपस्तंभाचे काम करणाऱ्या जहाजावर. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ गुडविन नावाचे धोकादायक वाळूचे बांध आहेत आणि तेथील ईस्ट गुडविन दीपनौकेवर 1898 च्या डिसेंबरात बिनतारी संदेशवहनाचे प्रणेते मार्कोनी यांची यंत्रणा बसवण्यात आली. पुढच्या एप्रिलमध्ये धुक्यात ‘आर. एफ. मॅथ्यूज’ ही आगबोट त्या दीपनौकेवरच येऊन आदळली, तेव्हा दीपनौकेने किनाऱ्याकडे बिनतारी संदेश पाठवून मदत मागितली. रेडिओमुळे समुद्रावरचा माणूस दृष्टीच्या टप्प्याबाहेरूनही हाक मारू शकतो, हे त्या दिवसांत सिद्ध झाले. पुढे 1906 च्या बर्लिन परिषदेने ‘एसओएस’ हा संकटाचा संकेत स्वीकारला आणि 1 जुलै 1908 पासून तो लागू झाला.

तरीही हाक ऐकायला पलीकडे कोणी जागे असेल, याची हमी नव्हती. 1909 च्या जानेवारीत ‘रिपब्लिक’ हे प्रवासी जहाज टकरीनंतर बुडाले, पण रेडिओवरून मिळालेल्या मदतीमुळे दीड हजारांहून अधिक माणसे वाचली. याउलट 1912 च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले, तेव्हा जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’वरचा एकुलता एक रेडिओचालक काही मिनिटांपूर्वीच काम आटोपून झोपायला गेला होता. बऱ्याच अंतरावरच्या ‘कार्पेथिया’वरचा चालक अजून जागा होता, म्हणून सातशेहून अधिक लोक वाचले. सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सोलास म्हणतात, 20 जानेवारी 1914 रोजी झाला, तो याच अनुभवातून. पन्नास किंवा अधिक माणसे वाहून नेणाऱ्या जहाजांवर रेडिओ असावा, असे त्यात ठरले. पहिल्या महायुद्धामुळे तो करार ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही, पण सतत कान देऊन बसण्याचे, म्हणजे ‘वॉच’ ठेवण्याचे तत्त्व तेथून रूढ झाले.

या साऱ्या व्यवस्थेत लहान नौकेला जागा नव्हती, आणि त्याचे मुख्य कारण भौतिकशास्त्रात होते. संकटसंदेशांसाठी ठरलेली वारंवारता 500 किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी 600 मीटर. तिच्यासाठी दोन उंच डोलकाठ्यांमध्ये ताणलेली लांबलचक तार, संचातल्या व्हॉल्व्हना, म्हणजे निर्वात नळ्यांना, लागणारा उच्च दाबाचा वीजपुरवठा आणि मोर्स लिपी जाणणारा प्रशिक्षित चालक लागे. मासेमारीच्या किंवा हौशी नौकेवर यांतले काहीच परवडण्यासारखे नव्हते. बोलून संदेश देण्यासाठी पुढे 2182 किलोहर्ट्झ ही वारंवारता ठरली आणि मोर्सची अट गेली, परंतु तिचीही तरंगलांबी सुमारे 137 मीटर, म्हणजे पाव तरंगलांबीचा अँटेनासुद्धा 34 मीटरचा. लहान नौकांवर तो कृत्रिमरीत्या आखूड करावा लागे, नौकेच्या तळाला धातूची पट्टी लावून समुद्राच्या पाण्याशी जोडणी करावी लागे आणि इतके करूनही बरीचशी शक्ती वाया जाई.

त्या काळातल्या जहाजांच्या रेडिओ खोलीतले घड्याळ पाहण्यासारखे असे. तबकडीवर चार पाचरी रंगवलेल्या असत. पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटांच्या दोन लाल पाचरी 500 किलोहर्ट्झच्या, तर तासाच्या आरंभी आणि तिसाव्या मिनिटापासूनच्या दोन हिरव्या पाचरी 2182 किलोहर्ट्झच्या. काटा पाचरीत असेपर्यंत त्या वारंवारतेवर संकटसंदेशाखेरीज काहीही प्रक्षेपित करायचे नाही, फक्त ऐकायचे. दुबळ्या संचाचा क्षीण आवाज निदान त्या तीन मिनिटांत ऐकू यावा, यासाठी सगळ्या समुद्राने गप्प बसण्याची ही शिस्त होती, आणि सागरी रेडिओच्या इतिहासातली ती मला सर्वांत विचारपूर्वक केलेली व्यवस्था वाटते.

परिस्थिती बदलली ती व्हीएचएफमुळे, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या लहरींमुळे. 1957 मध्ये हेग येथील परिषदेत 156.8 मेगाहर्ट्झ ही हाक मारण्याची आणि सुरक्षेची वारंवारता म्हणून मान्य झाली. तीच आजची 16 क्रमांकाची वाहिनी. तिची तरंगलांबी दोन मीटरहूनही कमी असल्यामुळे मीटरभराचा अँटेना पुरतो, आणि तेवढा तर कोणत्याही होडीवर बसतो. एफएम पद्धतीमुळे आवाजही स्वच्छ झाला. मात्र त्या पद्धतीचा एक गुण संकटकाळी दोष ठरतो: एकाच वाहिनीवर दोन संच बोलू लागले तर बलवान संदेश ऐकू येतो आणि दुबळा जवळपास पुसला जातो. 16 वर गप्पा मारू नयेत आणि बंदरात 25 ऐवजी 1 वॅटवर बोलावे, हे नियम म्हणूनच आहेत.

सुरुवातीच्या संचांत प्रत्येक वाहिनीची वारंवारता ठरवणारा वेगळा स्फटिक बसवावा लागे, त्यामुळे बहुतेक संच मोजक्या वाहिन्यांचेच असत. हवी ती वारंवारता तयार करणारा सिंथेसायझर आल्यावर सगळ्या वाहिन्या एकाच संचात मावल्या. वाहिन्यांचे क्रमांक 28 नंतर एकदम 60 वर का जातात, याचे उत्तरही इतिहासातच आहे. आरंभी दोन वाहिन्यांमध्ये 50 किलोहर्ट्झचे अंतर होते, ते पुढे निम्मे करण्यात आले आणि मधल्या जागांत 60 ते 88 या नव्या वाहिन्या बसवल्या गेल्या.

व्हीएचएफ लहरी मात्र साधारण क्षितिजापर्यंतच जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला सुमारे 4.1 ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते, आणि दोन्ही टोकांची अंतरे मिळवली की पल्ला मिळतो. पाण्यापासून एक मीटरवर हातात धरलेले दोन संच जेमतेम आठ किलोमीटरवरून बोलतील. तोच अँटेना चार मीटरवर नेला आणि पलीकडे शंभर मीटर उंचीचे किनारा केंद्र असले, तर पल्ला पन्नास किलोमीटरच्या जवळ जातो. वॅट वाढवून हे साधत नाही. म्हणून संचावर खर्च करून अँटेना केबिनच्या कडेला कुठेतरी बांधून टाकणे, हा मला पैशाचा सर्वांत चुकीचा वापर वाटतो. जास्त गेन असलेला अँटेना लहरी आडव्या, अरुंद पट्ट्यात एकवटतो. शिडाची नौका कलंडली की तोच पट्टा एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आकाशात जातो, म्हणून तेथे कमी गेनचा, 3 डेसिबलचा अँटेना अधिक भरवशाचा ठरतो.

संच उपलब्ध झाले, तरी लहान नौकांवर ते ठेवण्याची सक्ती नव्हती. 1979 च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या सागरी शर्यतीतल्या नौकांना वादळाने गाठले आणि पंधरा स्पर्धक खलाशी मरण पावले. अनेक नौकांवर संदेश पाठवू शकणारा रेडिओच नव्हता. त्यानंतर त्या शर्यतीत व्हीएचएफ संच अनिवार्य झाला.

पुढचा टप्पा होता जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणेचा, म्हणजे जीएमडीएसएसचा. ती 1992 च्या फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्याने लागू होऊन 1 फेब्रुवारी 1999 रोजी पूर्णपणे अमलात आली. तिची सक्ती 300 टन आणि त्यावरील मालवाहू जहाजांना व आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांना आहे, परंतु तिच्यातले डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, अर्थात डीएससी, लहान नौकांच्या संचांतही आले. झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले की 70 क्रमांकाच्या वाहिनीवरून नौकेची ओळख सांगणारा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, स्थान आणि वेळ यांचा संदेश जातो, आणि पोच मिळेपर्यंत दर चार मिनिटांच्या आसपास तो आपोआप पुन्हा जात राहतो. जागे राहून ऐकण्याचे चालकाचे काम अशा रीतीने यंत्राकडे आले.

हे सारे घडते ते क्रमांक भरलेला असेल तरच. एमएमएसआय नोंदवून घेतलेला नसेल, तर बहुतेक संचांत डीएससी चालतच नाही, आणि जीपीएस जोडलेले नसेल व स्थान हाताने भरलेले नसेल, तर संदेश स्थानाविना जातो. क्रमांक भरताना घाई करू नये, कारण बऱ्याच संचांत तो वापरकर्त्याला एकदाच, फार तर दोनदा भरता येतो. जुना संच घेताना आणखी एक गोष्ट तपासावी: आरंभीच्या स्वस्त डीएससी संचांत एकच रिसीव्हर असे आणि 16 वर संभाषण चालू असताना 70 वरची हाक निसटू शकत असे. लहान नौकांसाठीच्या ‘क्लास डी’ प्रकारच्या संचात 70 साठी स्वतंत्र रिसीव्हर असतो.

बसवणीत सर्वाधिक बिघाड संचाच्या पेटीबाहेरच्या भागांत होतात. पंधरा मीटर लांबीची बारीक आरजी-58 केबल जवळपास निम्मी शक्ती खाते, तर तितक्याच लांबीची जाड आरजी-213 वापरल्यास 25 पैकी सुमारे 18 वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात. डोलकाठीच्या टोकाशी असलेला पीएल-259 कनेक्टर मुळात जलरोधक नाही. टेप न गुंडाळता तो उघडा ठेवला, तर एका हंगामात आतले तांबे हिरवट पडते आणि पाणी केबलच्या जाळीतून खाली झिरपू लागते. प्रक्षेपणाच्या वेळी संच पाच ते सहा अँपिअर ओढतो. वीजतार बारीक आणि लांब असेल, तर ऐकणे नीट चालते, पण बोलायचे बटण दाबताच विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो. त्यामुळे तार पुरेशी जाड घेऊन ती फ्यूजमार्फत थेट बॅटरीकडून आणावी, आणि तपासणी करताना फक्त ऐकून न थांबता 25 वॅटवर बोलत असताना संचापाशी व्होल्ट मोजावेत. संचाच्या स्पीकरमध्ये चुंबक असते, म्हणून सूचनापत्रात दिलेले होकायंत्रापासूनचे अंतर पाळावे लागते.

शिडाच्या नौकेची डोलकाठी मोडली की तिच्या टोकावरचा अँटेनाही जातो, म्हणजे मदतीची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच पक्का बसवलेला संच मुका होतो. त्यासाठी कठड्याला लावता येईल असा राखीव अँटेना त्याच्या केबलसह आणि पाण्यात टिकणारा, जीपीएस व डीएससी असलेला चार्ज केलेला हातातला संच नौकेवर असावा. त्याचा पल्ला थोडा असतो, पण तो अंगावर बांधून जीवरक्षक तराफ्यातही नेता येतो.