एटी कमांडने रेडिओ मोडेमचे सेटिंग

रेडिओ मोडेम म्हणजे तारेऐवजी रेडिओ लहरींवरून डेटा पाठवणारे यंत्र. त्याची एक बाजू संगणकाच्या किंवा उपकरणाच्या सिरियल पोर्टला आणि दुसरी अँटेनाला जोडलेली असते. फ्रिक्वेन्सी, वेग, नेटवर्क क्रमांक, प्रसारणशक्ती ही सगळी सेटिंगे त्याच सिरियल तारेवरून मजकूर कमांड पाठवून बदलतात. ही रीत १९८१ च्या हेज स्मार्टमोडेम या टेलिफोन मोडेमपासूनची. टेलिफोनचे मोडेम मागे पडले, पण कमांडआधीची ‘एटी’ (AT, अटेन्शन म्हणजे ‘लक्ष दे’) ही दोन अक्षरे टिकली.

तार एकच, त्यामुळे डेटा कोणता आणि कमांड कोणती हे मोडेमला ओळखावे लागते. एक्सबी (XBee) मॉड्यूल आणि सिक (SiK) या फर्मवेअरवर म्हणजे आतल्या प्रोग्रामवर चालणारे, दुरून मोजमापे पाठवणारे टेलिमेट्री रेडिओ यांत कमांड मोडची ही खूण ‘+++’ आहे. आधी सुमारे १ सेकंद शांतता, मग तीन अधिक चिन्हे, पुन्हा १ सेकंद शांतता. तेव्हा ‘ओके’ येते. बहुतेकांचे इथेच अडते. ‘+++’ नंतर एंटर दाबला किंवा टर्मिनल प्रोग्रामने स्वतःहून कॅरेज रिटर्न (एंटरचे चिन्ह) जोडला, की शांतता मोडते आणि मोडेम ती चिन्हे साधा डेटा म्हणून पलीकडे पाठवतो. पुढच्या प्रत्येक कमांडला मात्र कॅरेज रिटर्न हवाच. एक्सबीत मूळ सेटिंगनुसार १० सेकंद काही टाइप केले नाही तर कमांड मोड आपोआप सुटतो. सावकाश टाइप करणाऱ्याला हे हमखास नडते.

सिक रेडिओत ‘एटीआय५’ दिल्यावर सर्व सेटिंगांची यादी दिसते. ‘एटीएस३=४०’ नेटवर्क क्रमांक बदलते, ‘एटी&डब्ल्यू’ तो कायमच्या स्मृतीत लिहिते, ‘एटीझेड’ रेडिओ पुन्हा सुरू करते. मधली कमांड विसरली तर बदल रीस्टार्टबरोबर पुसला जातो. ‘एटी’ऐवजी ‘आरटी’ लिहिल्यास तीच कमांड पलीकडच्या रेडिओवर चालते. म्हणून आधी दूरचा रेडिओ बदलून, सेव्ह करून, रीस्टार्ट करावा आणि मगच जवळच्याला हात लावावा. क्रम उलटा झाला की दुवा तुटतो आणि दूरच्या रेडिओपर्यंत चालत जावे लागते. नेटवर्क क्रमांक, हवेतील वेग, किमान व कमाल फ्रिक्वेन्सी आणि चॅनलसंख्या दोन्हीकडे तंतोतंत सारखी लागते. सिरियल वेग (तारेवरचा) व प्रसारणशक्ती वेगळी चालते. शक्तीचा आकडा डीबीएममध्ये (१ मिलिवॅटच्या तुलनेत शक्ती सांगणारे एकक) असतो, २० म्हणजे १०० मिलिवॅट. तो वाढवण्याआधी अँटेना बसवलेली आहे ना, हे पाहावे. नाहीतर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

एचसी-१२ (HC-12) या छोट्या रेडिओ मॉड्यूलमध्ये ‘+++’ नाही. ‘सेट’ पिन ग्राउंडला जोडली की कमांड मोड सुरू होतो. ‘एटी+सी०२१’ ने चॅनल २१ लागतो. चॅनल १ म्हणजे ४३३.४ मेगाहर्ट्झ आणि पुढचा प्रत्येक ४०० किलोहर्ट्झ वर, म्हणून चॅनल २१ ला ४४१.४ मेगाहर्ट्झ. ही फ्रिक्वेन्सी स्थानिक नियमांत बसते का, हे मॉड्यूल तपासत नाही. नेहमीच्या एफयू३ मोडमध्ये सिरियल वेगानुसार हवेतील वेगही बदलतो, त्यामुळे एका टोकाला सेकंदाला ९६०० बिट आणि दुसऱ्याला ११५२०० ठेवले तर ती एकमेकांना ऐकत नाहीत. वेग कोणता ठेवला होता हेच आठवत नसेल, तर ‘सेट’ पिन ग्राउंडला धरून वीज द्यावी. मॉड्यूल कमांडपुरते ९६०० वर सुरू होते.