स्वादुपिंडाला सूज, मग नजर का जाते?

‘पोटदुखीसाठी आयसीयूत ठेवलं आणि तिथल्या इंजेक्शनांनी डोळे घालवले!’ पर्वती उतरताना एका गटात हे कानावर पडलं. इंजेक्शनांवर ठपका ठेवण्याआधी एक शक्यता माहीत हवी. स्वादुपिंडाला एकाएकी सूज आली, म्हणजे ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस झाला, तर क्वचित काही तासांत किंवा दिवसांत नजर अधू होते. बहुधा दोन्ही डोळ्यांची, आणि डोळा दुखत नाही, लालही होत नाही.

ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ ओथमार पुर्टशर यांनी १९१० साली झाडावरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाच्या रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर, पांढरे डाग आणि रक्तस्राव पाहिले. डोक्याला मार न लागता पॅन्क्रियाटायटिसमध्येही तसंच चित्र दिसतं, म्हणून हा विकार ‘पुर्टशरसदृश रेटिनोपथी’.

घडतं काय, ते विलक्षण आहे. ट्रिप्सिन हा पाचकरस एरवी आतड्यात पोचल्यावर जागा होतो. इथे तो ग्रंथीतच जागा होतो आणि रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या संरक्षक प्रथिनांना चेतवतो. त्यांतून सी५ए हा तुकडा सुटतो. तो लागला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी चिकट होऊन एकमेकींना धरतात आणि त्यांचे पुंजके रक्तातून फिरू लागतात. लायपेज या चरबी पचवणाऱ्या रसामुळे सुटलेले चरबीचे कणही वाहिन्या अडवत असावेत, असं मानतात.

पण डोळाच का? रेटिनाला प्राणवायू फार लागतो, आणि तिच्या आतल्या थरांच्या धमनिका, म्हणजे बारीक रोहिण्या, या जणू पेठेतले एकाच तोंडाचे बोळ: तोंडाशी अडलं की दुसरीकडून वाट नाही. दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेच्या) भोवतीच्या केशवाहिन्या तर लांबलचक असतात आणि आपसांत फारशा जोडलेल्या नसतात. म्हणून डाग तिथेच दाटतात. रक्त थांबलं की चेतातंतूंतली आतली वाहतूक तुंबते आणि तंतू फुगतात. तपासणीत दिसणारे कापसासारखे डाग ते हेच. शेजारी कोनदार पांढरे ठिपके असतात, मात्र धमनिकेला लागून एक अरुंद पट्टी निरोगी राहते, कारण तिला प्राणवायू धमनिकेच्या भिंतीतूनच मिळतो. मला या आजारातली ही पट्टी सर्वांत बोलकी वाटते.

स्टेरॉइड काही डॉक्टर देतात, पण त्याचा भक्कम पुरावा नाही. मुख्य उपचार स्वादुपिंडाचाच. अनेकांची नजर काही आठवड्यांत, महिन्यांत बरीच सुधारते; दृष्टिचेता सुकली तर कायमचा दोष राहतो. या काळात मध, गुलाबपाणी घालणं किंवा नजर उतरवणं यांनी अडलेली धमनिका मोकळी होत नाही. मध निर्जंतुक नसतो, त्यातून जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण ‘दिसत नाही’ असं सांगू शकत नाही. शुद्धीवर आल्यावर एकेक डोळा झाकून त्याला बोटं मोजायला लावा. चुकला, तर राउंडवरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून रेटिना खाटेवरही तपासता येते.