विल्म्स, यूरी
(१३ मार्च १८८९ – एप्रिल वा मे १९१८). एस्टोनियन वकील व राजकारणी. स्वतंत्र एस्टोनियाच्या पहिल्या हंगामी शासनातील उपपंतप्रधान व न्यायमंत्री. जन्मतारीख नव्या कालगणनेची असून रशियन साम्राज्यातील जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ती १ मार्च येते. हा फरक एकोणिसाव्या शतकात बारा, तर विसाव्यात तेरा दिवसांचा असल्याने १९१७ च्या घटनांच्या तारखा जुन्या लेखनात तपासूनच घ्याव्या लागतात.

तार्तू विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेऊन त्याने टॅलिनमध्ये वकिली केली. रशियातील फेब्रुवारी क्रांतीनंतर, १२ एप्रिल १९१७ च्या कायद्याने, एस्टोनिया प्रांत व लगतच्या लिव्होनिया प्रांताचा एस्टोनियन भाषिक उत्तर भाग एका प्रशासनाखाली आले. त्यातून निर्माण झालेल्या प्रांतिक सभेत विल्म्स श्रमिक पक्षातर्फे होता.

१९ फेब्रुवारी १९१८ रोजी कॉन्स्टंटिन पॅट्स, कॉन्स्टंटिन कोनिक व विल्म्स यांची मुक्ती समिती सर्वाधिकारांसह नेमण्यात आली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर अनेकांचे हात फिरले. त्यात विल्म्सचाही वाटा होता, असे मानले जाते. अल्पसंख्याकांना सांस्कृतिक स्वायत्तता, राजबंद्यांची सुटका आणि रशिया-जर्मनी युद्धात तटस्थता ही त्यातील कलमे त्या काळाच्या मानाने खरोखरच उदार होती. २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पर्नू येथील एंडला नाट्यगृहाच्या सज्जातून जाहीरनामा प्रथम वाचला गेला. २४ तारखेला टॅलिनमध्ये शासन स्थापन झाले, आणि २५ ला जर्मन सैन्य शहरात शिरले. विल्म्सला मंत्री म्हणून काम करण्यास व्यवहारात अवसरच मिळाला नाही.

परदेशांत मान्यतेसाठी खटपट करण्याकरिता तो तीन साथीदारांसह गोठलेल्या फिनलंडच्या आखातावरून निघाला. फिनलंडमध्ये तेव्हा समाजवादी ‘लाल’ व त्यांचे विरोधक ‘श्वेत’ यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. पुढील हकिकतीबद्दल एकमत नाही. रूढ वृत्तांतानुसार जर्मनांनी या चौघांना आखातातील, फिनिश भाषेत सूरसारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटावर पकडले आणि १३ एप्रिल रोजी हेलसिंकीत, त्योलो येथील साखर कारखान्याजवळ गोळ्या घातल्या. जर्मनांनी हेलसिंकी घेतली तीही १२-१३ एप्रिललाच. लढाईच्या त्या गोंधळात काय घडले याची नेमकी नोंद मिळणे अवघड. फिनिश इतिहासकार सेप्पो झेट्टरबर्ग यांनी १९९० च्या दशकात या वृत्तांतावर गंभीर शंका घेतली. चौघे फिनलंडच्या अंतर्भागात, हाउहो येथे, श्वेत पक्षाच्या बाजूने लढणाऱ्या स्वीडिश स्वयंसेवकांकडून मेच्या सुरुवातीस मारले गेले असावेत, असे त्यांचे मत. ते अंतिम म्हणता येत नसले, तरी जुन्या वृत्तांतापेक्षा अधिक विचारार्ह वाटते.

१९२० च्या अखेरीस हेलसिंकीहून आणलेले अवशेष विल्म्सचे म्हणून एस्टोनियातील पिलिस्त्वेरे येथे दफन करण्यात आले. हाउहोचे मत ग्राह्य धरल्यास त्या अवशेषांची ओळखही नव्याने तपासावी लागते.