प्रोसेसरचा वेग, व्होल्टेज आणि फोनची बॅटरी
सोलापुरातील आमच्या ग्राहकांसाठी

चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नसेल, तर आधी सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर बघा. यादीत स्क्रीन सगळ्यात वर असेल, तर प्रोसेसरला हात लावून फारसं काही हाती लागणार नाही, ब्राइटनेस उतरवा. न उघडलेलं ॲप वर दिसलं, तर त्याचा बॅकग्राउंड वापर बंद करा.

काम करताना प्रोसेसर जी वीज खातो, ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 1000 मिलिव्होल्टचे 950 केले, तर वेग तोच राहूनही यातली जवळपास 10 टक्के वीज वाचते. वेगाच्या प्रत्येक टप्प्याला कंपनीने व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं आणि वरच्या टप्प्यांवर ते भराभर चढतं. म्हणून कमाल वेगाचे वरचे दोन-तीन टप्पे कापणं फायद्याचं. त्याहून खूप खाली आणलात तर प्रत्येक काम रेंगाळतं, स्क्रीन जास्त वेळ चालू राहते आणि वाचवलेलं तिथेच खर्ची पडतं.

सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये पॉवर सेव्हिंगमध्येच प्रोसेसरचा वेग 70 टक्क्यांवर आणायची सोय आहे. रूट, म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवणं, लागत नाही, कधीही बंद करता येते. बहुतेकांनी इथेच थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्होल्टेज बदलायला रूट आणि तशी सोय असलेला कर्नल (सिस्टीमचा गाभा) लागतो. अनेक नव्या फोनमध्ये ती सोय मिळतच नाही. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, वॉरंटी अडचणीत येते आणि बँकेची, यूपीआयची ॲप्स चालायला नकार देऊ शकतात. दुकानाचे पैसे याच फोनवर घेत असाल, तर या वाटेला जाऊ नका.

तरीही करायचंच असेल, तर मूळ आकडे आधी वहीत उतरवून ठेवा. एका वेळी 25 मिलिव्होल्टच कमी करा. पंधरा-वीस मिनिटं जड गेम चालवा, मग दिवसभर नेहमीसारखा वापरा. स्क्रीन बंद असतानाही लक्ष ठेवा, कारण खालच्या टप्प्यांवर व्होल्टेज अपुरं पडलं तर फोन खिशातच बंद पडतो. हँग झाला किंवा आपोआप रीस्टार्ट झाला, तर दोन पायऱ्या वर या. ‘बूट होताना लागू करा’ हा पर्याय दोन-तीन दिवस सुरळीत जाईपर्यंत बंदच ठेवा. नाहीतर चुकीचा आकडा दर वेळी लागू होऊन फोन लोगोवरच अडकतो. कमी व्होल्टेजचा खरा धोका मात्र दिसत नाही: फोन चालू राहतो आणि फाइली खराब होत जातात.

दुसऱ्याच्या फोनचे आकडे मॉडेल तेच असलं तरी वापरू नका, प्रत्येक चिप वेगळी निघते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा डिसेंबरात जमलेलं व्होल्टेज अडखळू शकतं. उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. वरचं काहीही करू नका. चार्जिंग थांबवा, फोन बंद करा, झाकण दाबू नका आणि तसाच दुकानात घेऊन या.